साडीचा काठ आणि पापणीचा रंग
(लग्नसराईच्या आधी गटाच्या बैठकीत वाचायचा पाठ)



तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे लग्नाच्या तारखा निघायला लागतात. साक्षगंध, हळद, लग्न, मग परतवणीचं जेवण. रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत कुठल्याही गावात जा, चार घरांमागे एका घरी तयारी सुरू असते. आपल्या गटांतल्या बऱ्याच ताईंनी गटातून कर्ज घेऊन घरातल्याच एका खोलीत पार्लर टाकलंय. आधी काम भुवया कोरण्याचं आणि फेशियलचं होतं. आता गावातली नवरी म्हणते, "ताई, मेकअपही तुम्हीच करा, तालुक्याला कोण जातं." म्हणजे काम दारात आलंय. ते काम नीट झालं तर कर्जाचा हप्ता वेळेवर जातो, आणि फोटोत नवरीचे डोळे विचित्र दिसले तर पुढची चार कामं जातात.

सगळ्यांत जास्त गोंधळ होतो तो डोळ्यांच्या रंगात. साडी हिरवी म्हणून पापणीवर हिरवा, साडी जांभळी म्हणून जांभळा, असं करायची सवय पडलीय. हा पाठ त्याबद्दल आहे. कपड्याचा रंग बघून पापणीचा रंग कसा ठरवायचा, डोळ्याला इजा होऊ नये म्हणून काय पाळायचं आणि कामाचा दर कसा काढायचा, असे तीन भाग आहेत. ज्या ताई पार्लर चालवत नाहीत त्यांनीही वाचा. घरच्या कार्याला आणि नवरात्रातल्या नऊ रंगांना हे तुम्हालाही उपयोगी पडेल.

१. ताटातलं घड्याळ

एक स्टीलचं ताट घ्या. ते घड्याळ आहे असं समजा. बाराच्या जागी लाल टिकली किंवा लाल कापडाचा तुकडा ठेवा. दोनच्या जागी केशरी, चारच्या जागी पिवळा, सहाच्या जागी हिरवा, आठच्या जागी निळा आणि दहाच्या जागी जांभळा. ब्लाऊजच्या कापडाचे उरलेले तुकडे यासाठी एकदम बरे.

आता बघा. लालच्या बरोबर समोर हिरवा येतो. केशरीच्या समोर निळा. पिवळ्याच्या समोर जांभळा. या तीन जोड्या पाठ करा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

समोरासमोरचे रंग दोन कामं करतात. ते एकमेकांत मिसळले तर एकमेकांना मारतात. पांढरा सदरा जुना झाला की पिवळट पडतो, तेव्हा आपण त्याला नीळ देतो. नीळ थोडी जांभळटकडे झुकलेली असते, ती पिवळेपणा मारते आणि सदरा पांढरा दिसतो. तीच युक्ती डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांना लागू पडते. ती वर्तुळं निळसर असतात, म्हणून नुसतं गोरं कन्सिलर थापलं तर राखट दिसतं. आधी केशरी झाक असलेलं कन्सिलर अगदी पातळ लावा, मग कातडीच्या रंगाचं. निळेपणा मरतो.

पण हेच रंग न मिसळता शेजारी शेजारी ठेवले तर एकमेकांना उठाव देतात. हिरव्या पानांत लाल मिरची लांबून दिसते, ते यामुळेच. फ्रान्समध्ये शेव्रुल नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. गालिचे विणणाऱ्या एका सरकारी कारखान्यात रंगाईचं काम त्यांच्याकडे होतं. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली. त्यांनी तपासलं तेव्हा कळलं की रंगात खोट नाही, शेजारच्या धाग्यांच्या रंगामुळे तो तसा दिसतोय. यावर त्यांनी १८३९ साली मोठं पुस्तक लिहिलं. आपल्या कामाचं त्यातलं एवढंच: कोणताही रंग एकटा दिसत नाही, तो शेजाऱ्याबरोबर दिसतो. एकच तपकिरी आयशॅडो हिरव्या शालूवर लालसर वाटेल आणि लाल शालूवर जरा थंड वाटेल. म्हणून पॅलेटमध्ये बघून रंग ठरवू नका. साडीचा पदर नवरीच्या खांद्यावर टाका आणि मग ठरवा.

२. साडी वाचायची कशी

साडी समोर आली की तिच्यात तीन गोष्टी बघा: अंग, काठ आणि जर.

अंगाचा रंग सगळ्यात जास्त जागा व्यापतो. तो आधीच भरपूर दिसतोय, मग तोच पापणीवर पुन्हा कशाला? अंगाचा रंग साडीला राहू द्या. पापणीचा रंग काठातून किंवा जरीतून घ्या. जर सोनेरी असेल तर सोनेरी, तांबूस, मधाळ रंग. जर चंदेरी असेल तर राखाडी, मोतिया, फिकी गुलाबी झाक. सोनेरी जरीच्या साडीवर चंदेरी पापणी केली की दागिने एकीकडे आणि चेहरा दुसरीकडे असं दिसतं.

एवढं बघून झालं की तीन वाटा आहेत.

पहिली वाट शेजारच्या रंगाची. ताटातल्या घड्याळात साडीच्या डावीकडचा किंवा उजवीकडचा रंग घ्यायचा. केशरी साडीला तांबडट किंवा सोनपिवळा, निळ्या साडीला जांभळट. हे शांत दिसतं, साक्षगंधाला आणि दिवसाच्या कार्यक्रमाला शोभतं.

दुसरी वाट समोरच्या रंगाची. यात उठाव जास्त, म्हणून रंग थोडा घ्यायचा. पिवळ्या साडीला पूर्ण पापणी जांभळी करू नका. पापणीच्या कडेला, केसांच्या मुळाशी वांगी रंगाची बारीक रेघ पुरे.

तिसरी वाट मातीच्या रंगांची. तपकिरी, विटकरी, बदामी, गेरूचा रंग, हळदीसारखा पिवळा. काही सुचलं नाही तर ही वाट धरा, चुकत नाही. अजिंठ्याची चित्रं आठवा. तिथल्या चित्रकारांनी लाल आणि पिवळी माती, हिरवी माती, दिव्याची काजळी आणि पांढरा वापरला. महागडा निळा दगड बाहेरून आला, तो त्यांनी जपून वापरला. दीड हजार वर्षांनंतरही ते रंग एकमेकांशी भांडत नाहीत. आजच्या आयशॅडोतला तपकिरी आणि विटकरी रंगही बहुतेक वेळा लोहाच्या ऑक्साइडचाच असतो, म्हणजे गेरूचाच भाऊबंद. पण म्हणून दुकानातला गेरू पापणीवर लावायचा नाही. तो भिंतीसाठी आहे, त्यात काय काय मिसळलेलं असतं ते कोणी तपासत नाही.

३. आपल्याकडच्या कपड्यांना काय लावायचं

हळदीची पिवळी साडी: चेहऱ्यावर आधीच हळदीची पिवळी झाक असते. त्यावर पिवळं किंवा झगमगीत सोनेरी लावलं तर नवरी आजारी दिसते. मॅट तपकिरी, थोडी विटकरी झाक आणि कडेला वांगी रेघ. हळद लावताना डोळे चोळले जातात, म्हणून पाण्याने न पसरणारं काजळ घ्या.

हिरवा शालू आणि हिरवा चुडा: हिरव्याच्या शेजारी लाल जास्त दिसतो. जागरणाने डोळे लाल झाले असतील तर ते आणखी लाल दिसतील. म्हणून इथे गुलाबी आणि लालसर आयशॅडो टाळा. तांब्याचा रंग, जुनं सोनं, बाहेरच्या कोपऱ्यात गडद तपकिरी. हिरवा हवाच असेल तर फक्त खालच्या पापणीला शेवाळी रेघ द्या.

लाल किंवा डाळिंबी शालू: लग्नातला आणि निकाहातलाही नेहमीचा रंग. ओठ लाल असणार, तेव्हा डोळ्यांना सोनेरी, मधाळ आणि बाहेर गडद तपकिरी. ओठ गडद आणि डोळेही गडद असं एकदम करू नका. दोघांपैकी एकालाच पुढे येऊ द्या.

पांढरी साडी: बौद्ध पद्धतीच्या लग्नात नवरी पांढऱ्या साडीत असते. पांढरा कुणाशी भांडत नाही, पण चेहऱ्यावर त्याचा उजेड पडतो आणि चेहरा फिका वाटू शकतो. इथे अंजिरी, गुलबक्षी किंवा बदामी रंग छान उठतात. काठ निळा असेल तर पापणीच्या कडेला गडद निळी रेघ द्या. पांढऱ्या साडीवर गळून पडलेली आयशॅडो लगेच दिसते. आधी डोळे करा, मग साडी नेसवा. नाहीतर खांद्यावर जुनी ओढणी टाका.

जांभळी, वांगी, मोरपंखी: सोनेरी आणि तांबूस रंगांना इथे फार उठाव येतो. मोरपंखीला तांब्याचा रंग, जांभळ्याला जुनं सोनं.

राणी आणि गुलबक्षी: राखाडी तपकिरी किंवा फिकी सोनेरी पापणी. राणीवर राणी लावली तर डोळे सुजल्यासारखे दिसतात.

संक्रांतीची काळी साडी: पहिल्या संक्रांतीला सुनेला काळी साडी आणि हलव्याचे दागिने. हलवा पांढरा, म्हणून मोतिया किंवा चंदेरी झाक आणि ठसठशीत काजळ. कमी केलं तरी शोभतं.

बंजारा पोशाख: पोहरादेवीच्या यात्रेला जाणाऱ्या, तांड्यावरच्या ताईंचा फेटिया-कांचळीचा पोशाख. त्यात लाल, पिवळा, हिरवा, निळा सगळे रंग, वर आरसे आणि भरतकाम. चमक कपड्यातच आहे, पापणीवर पुन्हा चमक नको. मॅट तपकिरी आणि काळी रेघ एवढंच. कपड्यात खूप रंग असतील तेव्हा डोळ्यांवर एकच रंग, हा नियम सगळीकडे चालतो.

४. कातडीचा रंग बदलायचा नाही

हे जरा स्पष्ट लिहिते. नवरी सावळी असेल तर घरातलं कोणीतरी हळूच येऊन सांगतं, "जरा उजळ कर गं." मग चेहऱ्यावर दोन नंबर गोरं फाउंडेशन चढतं, मान आणि हात मात्र आहेत तसेच. फोटोत ते लपत नाही, आणि त्या पोरीच्या मनात कायमचं बसतं की आपण आहोत तशा चालत नाही.

फाउंडेशनचा रंग जबड्याच्या कडेला लावून दिवसाच्या उजेडात बघा. जो रंग मानेत मिसळून दिसेनासा होतो तो बरोबर. सावळ्या कातडीवर अगदी फिके, खडूसारखे आयशॅडो राखट दिसतात. पण तांबा, जुनं सोनं, डाळिंबी, मोरपंखी, गडद वांगी हे रंग सावळ्या पापणीवर जसे खुलतात तसे गोऱ्या पापणीवर खुलत नाहीत. हे तुम्ही करून दाखवा. सांगण्यापेक्षा आरसा दाखवलेला लवकर पटतो.

वयाचंही तसंच. काकू-मावशींच्या पापण्यांवर सुरकुत्या असतात आणि चमकीचा रंग त्यात बसून सुरकुत्या मोठ्या दाखवतो. त्यांना मॅट रंग लावा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत डोळ्याला काहीच लावू नका.

५. उजेड बघा

घरात ट्यूबलाइट असते, तिचा उजेड जरा निळसर. मांडवात पिवळे दिवे आणि वर फोटोवाल्याचा फ्लॅश. एकाच रंगाची तीन रूपं दिसतात. पिवळ्या दिव्यात पिवळे आणि सोनेरी रंग फिके पडतात, म्हणून रात्रीच्या कार्याला बाहेरच्या कोपऱ्यात थोडा गडदपणा वाढवा. भर दुपारच्या लग्नाला उलट, हात आखडता ठेवा. काम अर्धं झालं की नवरीला दारात किंवा ओसरीवर उजेडात बसवून बघा. मोबाइलवर एक फोटो फ्लॅश लावून आणि एक फ्लॅशशिवाय काढा. चेहरा पांढरा उठत असेल तर पावडर झटका.

एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीशीच्या वर जातो. जाड थर घामात फाटतो. पातळ लावा, ते बसू द्या, मग दुसरा पातळ थर द्या.

६. डोळा आधी, रंग नंतर

रंग चुकला तर धुऊन टाकता येतो, डोळ्याला इजा झाली तर ती धुऊन जात नाही. म्हणून हा भाग बैठकीत दोनदा वाचा.

सुरमा: जुना दगडी सुरमा बऱ्याचदा शिशाच्या खनिजापासून केलेला असतो. शिसं शरीरात साठतं. लहान लेकरांच्या मेंदूला आणि गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला त्याने इजा होते, रक्त कमी होतं. शिशाचं कोणतंही प्रमाण सुरक्षित नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनाला रंग यावा म्हणून शिशाची किंवा अर्सेनिकची संयुगं वापरायला कायद्याने बंदी आहे. तरी यात्रेत आणि बाजारात बिननावाच्या डब्या मिळतात. त्या घेऊ नका.

घरचं काजळ: एरंडेलाच्या किंवा तुपाच्या दिव्यावर तांब्याची ताटली धरून केलेलं काजळ ही आपली जुनी रीत. त्यात शिसं नसलं तरी हाताचा, भांड्याचा आणि बोटाचा मळ जातो. स्वतःपुरतं ठेवलं तर ठीक. गिऱ्हाइकाला ते लावू नका, आणि तान्ह्या बाळाच्या डोळ्यात काहीही घालू नका.

डबीवर काय वाचायचं: बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, आणि आत काय आहे त्याची यादी. उघड्या झाकणाच्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात आकडा असेल तर उघडल्यावर तेवढे महिने वापरायचं. मस्कारा आणि ओलं लायनर उघडल्यापासून तीन ते सहा महिन्यांत टाकून द्या, उरलं तरी.

एकीचं दुसरीला नको: २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे येण्याची साथ आली होती, ती तुम्हाला आठवत असेल. एकाच काजळाच्या कांडीने पाच जणींचे डोळे केले तर साथ आपल्या हातून पसरते. कांडी थेट डोळ्याला लावू नका. स्वच्छ चमच्याने थोडं काजळ खरवडून स्टीलच्या वाटीत घ्या आणि प्रत्येकीला नवीन बडने लावा. मस्काराची कांडी नळीत पुन्हा बुडवायची नाही, एकदा वापरून टाकायचे छोटे ब्रश मिळतात ते वापरा. आयशॅडोचे ब्रश प्रत्येक गिऱ्हाइकानंतर साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. ओला ब्रश डबीत ठेवला की त्यात जंतू वाढतात. दोन संच असले की एक वाळेपर्यंत दुसरा चालतो.

कोणाचे डोळे लाल असतील, चिपडं येत असतील किंवा रांजणवाडी असेल तर डोळ्यांचा मेकअप करायचा नाही. "ताई, आज ओठ आणि टिकली छान करू, डोळे राहू देऊ," असं सरळ सांगा. गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल.

रांगोळी, गुलाल आणि शोभेची चमकी पापणीवर कधीच नाही. शोभेच्या चमकीचे कण धारदार असतात, बुबुळाला ओरखडा पडतो. नवीन वस्तू असेल तर आदल्या दिवशी नवरीच्या कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून २४ तास बघा. खाज किंवा लाली आली तर ती वस्तू नको.

७. दर कसा काढायचा

"ओळखीचीच आहे, काय द्यायचं ते द्या," हे वाक्य बंद करा. एक हिशोब करून दाखवते. आकडे समजा म्हणून घेतलेत, तुमचे आकडे तुम्ही घाला.

आयशॅडोचं पॅलेट ६०० रुपयांचं, त्यात ३० जणी झाल्या तर एकीमागे २० रुपये. लायनर आणि मस्कारा मिळून ४०० रुपये, २० जणींमागे २० रुपये. फाउंडेशन, पावडर, लिपस्टिक १,२०० रुपये, २० जणींमागे ६० रुपये. बड, कापूस, एकदा वापरायचे ब्रश ३० रुपये. ब्रशची झीज २० रुपये. जाण्यायेण्याचा खर्च १०० रुपये. बेरीज झाली २५० रुपये. तुमचे तीन तास, तासाला १०० रुपये धरले तर ३०० रुपये. म्हणजे ५५० रुपये हा तळाचा आकडा. याच्या खाली गेलात तर तुम्ही घरून पैसे घालताय. ७०० रुपये घेतले तर १५० रुपये नवीन सामानासाठी बाजूला पडतात.

एक खाच लक्षात ठेवा. मस्कारा सहा महिन्यांत टाकायचा आहे आणि तेवढ्यात २० ऐवजी ८ च जणी झाल्या, तर तोच ४०० रुपयांचा खर्च एकीमागे ५० रुपये होतो. म्हणून ओल्या वस्तू छोट्या आकाराच्या घ्या आणि लग्नसराई सुरू होताना उघडा. पॅलेट घेतानाही ४० रंगांचं स्वस्त पॅलेट घेण्यापेक्षा तांबा, जुनं सोनं, गडद तपकिरी, विटकरी, वांगी आणि मोतिया हे सहाच चांगले रंग घ्या. वरची यादी पुन्हा बघा, जवळजवळ सगळ्या साड्या या सहांत बसतात.

अजून शिकायचं असेल तर ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आरसेटीत, ब्युटी पार्लरचं प्रशिक्षण मोफत असतं. पुढची तुकडी कधी ते तुमच्या सीआरपी ताईंना विचारा.

आणि ऑर्डर लिहून घेताना नवरीचं वय विचारा. १८ पूर्ण नसेल तर ती ऑर्डर घ्यायची नाही. गावात ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, हे बालविवाह रोखणारे अधिकारी आहेत. त्यांना सांगता येतं, किंवा १०९८ या नंबरवर फोन करता येतो, तो मोफत आहे. सातशे रुपयांसाठी एका पोरीची शाळा सुटायला आपला हात लागू नये.

८. रंग कोणाचा?

आपल्या प्रत्येक गटात एक-दोन एकल ताई आहेत. हा पाठ वाचताना त्या मागे सरकून बसतील, "आमचं काय काम त्यात" म्हणतील. त्यांना पुढे बोलवा.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. ४ मे २०२२ ला तिथल्या ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा गावात पाळायच्या नाहीत. त्याच मे महिन्यात राज्य सरकारनेही बाकीच्या ग्रामपंचायतींना या वाटेने जायला सांगितलं. कागद निघाला, पण तो अमलात येतो घरात आणि बैठकीत. एकल ताईला काजळ लावायचं की नाही हे तिने ठरवायचं. तिला नको असेल तर आग्रह नाही. हवं असेल तर कोणी डोळे मोठे करायचे नाहीत. आणि पार्लर चालवणारी ताई स्वतः एकल असेल तर नवरीला तिचा हात लागू नये असं म्हणणाऱ्यांना गटाने एकत्र जाऊन उत्तर द्यावं. कर्ज गटाचं आहे, तिच्या पाठीशीही गटच उभा राहायला हवा.

बैठकीत करायचं काम

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातली एक साडी किंवा ब्लाऊजचा तुकडा आणा. ताटातलं घड्याळ मांडा. दोघी-दोघींच्या जोड्या करा. एकीने साडी खांद्यावर घ्यायची, दुसरीने अंग, काठ, जर वाचून दाखवायची आणि पापणीसाठी एक रंग सुचवायचा, का ते सांगून. मग खालच्या प्रश्नांची उत्तरं गटाच्या वहीत लिहा.

१) साडी मोरपंखी, काठ लाल, जर सोनेरी. कार्य रात्रीचं. पापणीला कोणता रंग आणि का?
२) नवरीचे डोळे कालपासून लाल आहेत आणि साडी हिरवी आहे. तुम्ही तिला काय सांगाल?
३) तुमच्या गावात येण्याजाण्याचा खर्च ४० रुपये आहे. बाकी हिशोब वरचाच. तळाचा दर किती?

तिसऱ्याचं उत्तर आत्ताच सांगून टाकते, ४९० रुपये. पहिल्या दोनची उत्तरं वहीत लिहून ग्रामसंघाच्या बैठकीला आणा, तिथे आपण ताटली मांडून बघू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक